पावणेसहाची लाँच एक मिनिट का थांबते

हे खरं घडलेलं आहे.

हे वाक्य माझ्या लिखाणात वाचून आमच्या गावातले दोन-चार जण तरी हसतील. गेली अकरा वर्षं मी याच वाक्यावर पोट भरतोय, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त खोटं होतं. म्हणून आधीच सांगून टाकतो. खोटं कसं लिहायचं ते मला नीट येतं. हे खोटं असतं, तर यापेक्षा बरं लिहिलं असतं.

रात्र नव्हती. वादळ नव्हतं. कुत्री रडत नव्हती.

मंगळवार होता. संध्याकाळचे पावणेसहा. पाण्यावर अजून चांगलं ऊन होतं आणि लाँचवर आम्ही तिघे होतो.

तिघेच आहोत, असं मी धरून चाललो होतो...

पण आधी चौकटीबद्दल सांगायला हवं.

आमच्या गावातून एक साप्ताहिक निघतं. मी तिथे उपसंपादक आहे. म्हणजे निधनवार्तेतलं वय आणि अभिनंदनाच्या जाहिरातीतलं शुद्धलेखन तपासतो. शिवाय चौथ्या पानावर, उजवीकडे तळाशी, एक चौकट लिहितो. साठ-सत्तर शब्दांची. ‘आपलं गाव : हे ठाऊक आहे का?’

पहिली तीन वर्षं मी इमानेइतबारे खरं लिहिलं. नगरपालिकेच्या इमारतीला सहा दरवाजे आहेत आणि त्यातले दोन सरळ भिंतीत उघडतात, ते लिहिलं. गावातला सगळ्यात जुना रस्ता ‘नवा रस्ता’ म्हणून ओळखला जातो, ते लिहिलं. घड्याळाच्या मनोऱ्यावरचं उत्तरेकडचं घड्याळ दक्षिणेकडच्यापेक्षा चार मिनिटं पुढे असतं, त्यामुळे गावातला अर्धा भाग कायम उशिरा पोचतो, तेही लिहिलं.

मग गाव संपलं.

संपादकांना सांगितलं, तर ते म्हणाले, “चौकट रिकामी जाता कामा नये. जाहिरात नसेल तर गाव छापा.”

मग मी गावात भर घालायला लागलो.

यात एक कसब असतं. आकडा टाकायचा, पण गोल आकडा टाकायचा नाही. ‘चाळीस वर्षांपूर्वी’ लिहिलं की थाप वाटते. ‘बेचाळीस वर्षांपूर्वी’ लिहिलं की संशोधन वाटतं. आणि कुणी विचारलंच की हे कुणी सांगितलं, तर म्हणायचं, “जुन्या माणसांनी.” कोण जुनी माणसं? “आता ती नाहीत.” इथे समोरचा मान खाली घालतो आणि विषय संपतो. लोक मला कौतुकाने ‘चौकटवाले’ म्हणायला लागले होते.

त्या आठवड्यात मला काहीच सुचत नव्हतं. ऑफिसच्या खिडकीतून धक्का दिसतो, धक्क्याला लागून पुढे शिवणकामाचं दुकान असलेलं मास्तरांचं घर दिसतं आणि त्यापलीकडे नदी. पलीकडच्या काठावर पूर्वी कौलांचा कारखाना होता. तो बंद पडून जमाना झाला. आता तिकडे पाणी उपसायचा पंप आहे, आणि पंपावरचे लोकही पुलावरून जीपने ये-जा करतात. पूल अकरा किलोमीटरवर. लाँच मात्र चालू आहे. ती बंद करण्याचा ठराव पालिकेने अजून केलेला नाही, एवढ्याच कारणाने.

पलीकडून सुटणारी शेवटची लाँच पावणेसहाची. पण ती पावणेसहाला सुटत नाही, हे मी खिडकीत बसून कितीतरी वर्षं बघत होतो. इंजिन चालू, दोर सोडलेला, माणूस एक नाही. तरी चढायची फळी धक्क्यावर टेकलेली ती टेकलेलीच. एक मिनिट जातं. मग फळी ओढतात आणि लाँच निघते.

का, ते मला ठाऊक नव्हतं. विचारायला जायचं तर जिना उतरावा लागला असता.

मी लिहून टाकलं :

‘पलीकडच्या धक्क्यावरून सुटणारी पावणेसहाची शेवटची लाँच रोज बरोबर एक मिनिट उशिरा निघते, हे किती जणांना ठाऊक आहे? बेचाळीस वर्षांपूर्वी शिवलेले कपडे पोचवायला पलीकडे गेलेली एक शिंपीण धावत धक्क्यावर आली, तेव्हा लाँच नुकतीच सुटली होती. ती पुन्हा कुणाला दिसली नाही. तेव्हापासून शेवटच्या फेरीला फळी एक मिनिट तशीच ठेवतात. तिच्यासाठी.’

शिंपीणच का? समोर मास्तरांचं दुकान दिसत होतं म्हणून. कुंभाराचं दिसलं असतं, तर कुंभारीण लिहिली असती.

गुरुवारी अंक निघाला. शनिवारी मास्तर ऑफिसात आले.

गळ्यात टेप तशीच होती. त्यांनी खिशातून कात्रण काढून माझ्या टेबलावर ठेवलं. इतकं सरळ कापलेलं कात्रण मी आजवर पाहिलेलं नाही.

“हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“जुन्या माणसांनी.”

“कोणत्या?”

“आता ती नाहीत.”

मास्तरांनी मान खाली घातली. पण विषय संपला नाही.

“माझी आई शिवायची,” ते म्हणाले. “मी सहा वर्षांचा होतो. एका दुपारी पलीकडे कारखान्याच्या साहेबाकडे कपडे द्यायला गेली. परत आली नाही. बाबा म्हणाले, पळून गेली. कुणाबरोबर, का, काही नाही. एवढंच. पळून गेली.”

मी पेनाचं टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं.

“आता मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे, चौकटवाले. हिशेब करा.”

करायची गरज नव्हती.

“बेचाळीस वर्षं मी पळून गेलेल्या बाईचा मुलगा म्हणून जगलोय. शाळेत तेच. लग्न ठरताना तेच. आणि आता तुम्ही लिहिता की ती धावत धक्क्यावर आली होती. म्हणजे ती परत येत होती! माझ्याकडे येत होती. लाँच चुकली, एवढंच झालं.” त्यांनी टेबलावरून हात पुढे करून माझे दोन्ही हात धरले. “हे खरं आहे ना?”

तेव्हाच सांगायला हवं होतं.

पण माझ्या डोक्यात भलतंच चालू होतं. मला त्यांचाच संशय येत होता. हा माणूस माझी फिरकी घेतोय का? संपादकांनी पाठवलंय का याला? आणि तसं नसेल, तर बेचाळीस हा आकडा माझ्या डोक्यात आला कुठून?

मास्तरांनी माझे हात अजून सोडले नव्हते. फिरकी घेणारा इतका वेळ धरून ठेवत नाही.

मी म्हणालो, “हो.”

एक अक्षर. इतकं कमी लिहून इतकं नुकसान मी आधी कधी केलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मी धक्क्यावर गेलो. लाँच चालवणाऱ्याला गावात ‘कप्तान’ म्हणतात. त्याच्याकडे कप्तानासारखी फक्त टोपी आहे. तो इंजिन पुसत होता. आमच्याच अंकाने.

“कप्तान, शेवटच्या फेरीला मिनिटभर का थांबता?”

“तुम्हीच छापलंय ना?” त्याने हातातला कागद पुढे केला. काळा झाला होता.

“म्हणजे छापलं म्हणून थांबायला लागलात?”

“एकोणीस वर्षं थांबतोय मी. माझ्या आधीचा तीस वर्षं थांबायचा. तुमच्या पेपरला एवढा मान नका देऊ.”

“पण कशासाठी?”

“त्याने सांगितलं, फळी मिनिटभर राहू दे. मी राहू देतो.”

“तुम्ही विचारलं नाहीत?”

“मी लाँच चालवतो, साहेब. चौकशी समिती नाही.” तो पुसत राहिला. मग थांबला. “एक मात्र तुम्ही चुकीचं लिहिलंय.”

“काय?”

“तुम्ही असं लिहिलंय की जणू आम्ही कुणाला बोलावतोय. तसं नाही ते. त्या मिनिटात तोंड बंद ठेवायचं. हाक मारायची नाही. कुणी उशिरा येताना दिसला तरी बोलवायचं नाही. त्याचा तो आला तर आला. मला लाँच ताब्यात देताना दोनच गोष्टी सांगितल्या होत्या, एक डिझेलची आणि एक ही.”

“आणि हाक मारली तर?”

“मारली नाही कधी. कसं सांगू?”

माझ्या धंद्यातल्या माणसाला दुसऱ्याची थाप पटकन ओळखू येते. थापाड्या माणूस कारण देतो. विचारलं नाही तरी देतो. कप्तानाने कारण दिलंच नव्हतं. ते मला आवडलं नाही.

खरं सांगतो, त्याच वेळी मनात दुसरंही आलं. झकास, पुढच्या चौकटीची सोय झाली.

पण त्या गुरुवारी चौकटीच्या जागी रंगाच्या दुकानाची जाहिरात लागली. हाकेची गोष्ट माझ्या खणात पडून राहिली. मास्तरांना जाऊन सांगावी, असं मला वाटलं नाही. पदवीधर माणसाने असलं काही सांगायला जिना उतरायचा का?

घरी बायकोला हे सगळं सांगितलं. ती शाळेत गणित शिकवते. उत्तरपत्रिका तपासता तपासता तिने विचारलं, “एकोणीस आणि तीस किती?”

“एकोणपन्नास.”

“आणि मास्तरांची आई गेली कधी?”

“बेचाळीस वर्षांपूर्वी.”

“मग आधीची सात वर्षं ते कुणासाठी थांबत होते?”

तिने लाल पेनने पुढच्या पेपरावर रेघ ओढली. मी त्या रात्री नीट जेवलो नाही.

पुढचे दहा-बारा दिवस मास्तर रोज संध्याकाळी मला खिडकीतून दिसायचे. पाचला दुकान बंद. सव्वापाचच्या लाँचने पलीकडे. पावणेसहाच्या लाँचने परत. लाँचच्या मागच्या बाकावर बसायचे, अगदी कडेला. शेजारची जागा रिकामी ठेवून.

मी खिडकीला पडदा लावून घेतला.

मग तो मंगळवार आला. सव्वापाच वाजायला आले होते. मास्तरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत.

“भाऊजी, पस्तीस मुलांचे शाळेचे शर्ट शिवायचे बाकी आहेत. कापड तसंच पडलंय. हा माणूस कात्रीला हात लावत नाही. संध्याकाळची वाट बघत बसतो.”

“मन लागलंय त्यांचं. लागू द्या थोडे दिवस...”

“मन नाही लागलं. त्यांना ऐकू येतंय.”

“काय ऐकू येतंय?”

“रोज घरी येऊन सांगतात. लाँच थांबते, तेव्हा फळीवर पावलं वाजतात. लाकडावर वाजतात तशी. अर्ध्या फळीपर्यंत येतात... आणि थांबतात. तेवढ्यात मिनिट संपतं. काल म्हणाले, ती लाजतेय. म्हणे मी सहा वर्षांचा होतो, आता टक्कल पडलंय, ती ओळखणार कशी? म्हणे उद्या मीच हाक मारतो.”

“उद्या?”

“म्हणजे आज.”

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“भाऊजी, मला एकच सांगा. ते तुम्ही लिहिलेलं खरं आहे का? खोटं असेल तर तसं सांगा. रडतील, चार दिवस जेवणार नाहीत. पण घरी असतील.”

“खोटं आहे,” मी म्हणालो.

“सगळं?”

“लाँच थांबते, तेवढं खरं.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. “मला कशाला सांगताय मग? त्यांना सांगा. उठा!”

मी धावत गेलो. दोर सोडता सोडता लाँच पकडली.

मास्तर मागच्या बाकावर होते. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. खिडकी, समोर दिसणारं दुकान, गोल आकडा टाळायची युक्ती, सगळं. आठ वर्षांत पहिल्यांदा मी एखादी माहिती जशीच्या तशी दिली.

मास्तर शांतपणे ऐकत होते. कुणी चुकीचं माप सांगावं, तसे.

“बायकोने पाठवलं ना?”

“पाठवलं. पण खरं सांगतोय. मी थापा मारतो, मास्तर!”

“ते गावाला ठाऊक आहे हो. नगरपालिकेचे दोन दरवाजे भिंतीत उघडतात म्हणे! कोण विश्वास ठेवणार?”

दुर्दैवाने ती चौकट खरी होती. पण ती वेळ ते पटवण्याची नव्हती.

“शंभर थापा मारणाऱ्याच्या तोंडून एखादं खरं निसटतं,” मास्तर म्हणाले. “त्याचं त्यालाही कळत नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “आणि तुमचं हे आताचं खरं मानलं, तर ती पळून गेली होती. मानलं नाही, तर ती तिथे उभी आहे. यातलं मी कुठलं घ्यावं, असं तुमचं म्हणणं आहे?”

मी कप्तानाकडे पाहिलं.

“निदान हाक मारू नका,” मी म्हणालो. “कप्तानाला विचारा. तसा नियमच आहे.”

मास्तर हसले. “आईला हाक मारायला नियम?”

लाँच पलीकडच्या धक्क्याला लागली. कप्तानाने फळी टाकली. धक्क्यावर कुणी नव्हतं. मागे कारखान्याची चिमणी, गवत आणि एक पाटी. पाटीवरची अक्षरं उडाली होती.

आम्ही वाट बघत बसलो. कप्तान बिडी ओढत होता. मास्तर शर्टाची बाही सारखी करत होते.

पावणेसहा झाले.

कप्तानाने दोर सोडला. सुकाणूच्या चक्रावरचा हात काढला आणि स्वतःच्या पायांकडे बघत उभा राहिला. एकोणीस वर्षांची सवय.

इंजिनची धडधड होती. बाकी काही नाही. पाखरू नाही, वारा नाही.

मग...

टक.

मी स्वतःला सांगितलं, लाकूड आहे. दिवसभर तापलंय, आता निवतंय.

टक.

मी स्वतःला सांगितलं, लाँच हलतेय, फळी घासतेय.

टक... टक...

आणि थांबलं.

मी फळीकडे पाहिलं. फळीवर स्वच्छ ऊन पडलं होतं. वर कुणी नव्हतं. काही नव्हतं.

पण फळी मधोमध वाकली होती.

रिकामी फळी मधोमध वाकत नाही.

मास्तर उठले. मी त्यांचा दंड धरला. पुढून कप्तानाने मान हलवली, जोरजोरात, तोंडावर हात दाबून. तोंड उघडायची त्यालाही भीती वाटत होती.

मास्तरांनी माझा हात सोडवला. अगदी हळुवार. मग त्यांनी हाक मारली. पन्नाशीला आलेल्या माणसाचा आवाज नव्हता तो.

“आई, ये ना. मी आहे.”

क्षणभर काहीच झालं नाही.

मग फळी सरळ झाली आणि पावलं आली. बिचकत नाही, लाजत नाही. धावत. इतक्या जलद की मोजता येईनात. आणि लाँच मागच्या बाजूला कलली. मी चढलो तेव्हा ती एवढी कलली नव्हती, आणि माझं वजन काही थोडं नाही.

कप्तानाने फळी ओढली. मिनिट संपायच्या आधी. माझ्या माहितीत पहिल्यांदाच.

परत येताना मी पुढे कप्तानाजवळ उभा राहिलो. मागे मास्तर बोलत होते. हळू आवाजात, न थांबता. दुकान, बायको, शाळा, गुडघेदुखी. मध्येच गप्प होऊन ऐकायचे. मग “हो ना,” म्हणायचे.

“कप्तान,” मी पुटपुटलो, “मागे काही दिसतंय का?”

“मी मागे बघत नाही.”

“कधीच?”

“आजपासून.”

आमच्या धक्क्यावर मास्तर आधी उतरले. वळले आणि हात पुढे केला, म्हाताऱ्या माणसाला उतरवताना करतात तसा. थोडा वेळ तसाच धरला.

लाँच वर उचलली गेली.

दुसऱ्या दिवशी मी पडदा सरकवून बघत बसलो. पलीकडून लाँच ठीक पावणेसहाला सुटली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. मी खाली जाऊन कप्तानाला विचारलं, “थांबला नाहीत?”

“आता कुणासाठी?” तो म्हणाला.

मी स्वतःची पुष्कळ समजूत घातली. तापलेलं लाकूड. लाटा. कुणी हळवा झाला की शेजाऱ्यालाही भास होतात. आकडा जुळला, तो योगायोग. मास्तरांची गोष्ट मी लहानपणी कधीतरी ऐकली असेल आणि विसरलो असेन.

या सगळ्यावर माझा विश्वास बसला असता. पण मास्तरांना ठाऊक नसलेली एक गोष्ट मला ठाऊक आहे. धक्क्यावर धावत आलेली ती बाई मी केली होती. बसल्या जागी, चहा निवेपर्यंत. त्यांची खरी आई जिथे गेली असेल तिथे असो. फळीवर जे उभं राहायचं, ते तिच्या आधीपासून उभं होतं.

आणि मास्तर त्याला घरी घेऊन गेले होते.

रविवारी वहिनी आल्या, थेट आमच्या घरी. या वेळी बसल्या. मांडीवर कापडाची पिशवी होती.

“मास्तर कसे आहेत?” मी विचारलं.

“मजेत. लग्नानंतर एवढे मजेत मी बघितले नव्हते.” हे त्यांनी ज्या आवाजात सांगितलं, त्या आवाजात लोक आजारपण सांगतात. “शर्ट झाले. पस्तीसच्या पस्तीस. दोन दिवसांत. ते झोपलेले असतात आणि पुढच्या खोलीत मशीन चालू असतं.”

त्यांनी पिशवीतून एक शर्ट काढून माझ्या बायकोच्या हातात दिला. टाका इतका बारीक की दिसेना. मग दुसरा काढला, तिसरा, चौथा.

बायकोने ते एकावर एक ठेवले आणि तिचा हात थांबला. “सगळे एकाच मापाचे आहेत.”

“पस्तीसच्या पस्तीस,” वहिनी म्हणाल्या. “मुलं दहावीची आहेत. शर्ट सहा वर्षांच्या पोराचे.”

बायकोने शर्टांवरचा हात काढून घेतला.

“भाऊजी, तिला तुम्ही केलंत ना? मग सांगा, ती कशी आहे?”

“म्हणजे?”

“स्वभावाने. तुम्ही तिचा स्वभाव लिहिलाच नाहीत. धावत आली, एवढंच लिहिलंत.”

“जागा नव्हती, वहिनी...”

“ती बसून असते. त्यांच्याशी बोलते म्हणे, मला ऐकू येत नाही. पण मी खोलीत गेले की मशीन थांबतं. आणि ती माझ्याकडे बघतेय, ते कळतं. माझं काय करायचं, ते अजून ठरलं नाहीये तिचं.” त्यांनी पदर बोटाला गुंडाळला. “तुम्ही लिहा. चांगली होती, लिहा. मायाळू होती. सुनेला मुलगी मानायची.”

“तिला सून कुठे होती तेव्हा?”

“लिहा हो! खोटं लिहायला तुम्हाला कधीपासून अडचण यायला लागली?”

मी लिहिलं. कधी नव्हे इतकं जीव ओतून लिहिलं. शिंपीण स्वभावाने शांत होती. कुणाला दुखवायची नाही. घरात येणाऱ्या परक्या मुलीलाही पोटच्या पोरीसारखं जपेल, असं शेजारणी म्हणायच्या. सात वेळा खोडलं. एक-एक शब्द तपासला, कुठे वाकडा अर्थ निघायला जागा नको म्हणून. आकडा एकही टाकला नाही.

संपादक म्हणाले, “फार गोड झालंय. माहिती काय आहे यात?”

“छापा,” मी म्हणालो. माझा चेहरा बघून त्यांनी छापलं.

गुरुवारी अंक निघाला. शुक्रवारी दुपारी मी जिना उतरून दुकानाशी गेलो. वहिनी एकट्याच बाहेर बाकावर बसल्या होत्या. आतून मशीनचा आवाज येत होता. मास्तर दिसत नव्हते. ते चालवत असतील, असं मी ठरवून टाकलं.

“वाचलं त्यांनी?” मी विचारलं.

“मोठ्याने वाचून दाखवलं. तिला.”

“मग?”

“हसली. तेवढं मला ऐकू आलं.”

“म्हणजे चांगलंच झालं की!”

वहिनींनी आत पाहिलं. मशीन चालू होतं. त्या माझ्याकडे झुकल्या आणि फक्त ओठ हलवल्यासारखं बोलल्या.

“पुन्हा वाचायला लावलं. तीनदा. मग तिने त्यांना विचारलं म्हणे... हे कोण लिहितं?”

आत मशीन थांबलं.

“सांगितलं मास्तरांनी?”

वहिनींची मान खाली गेली.

“नाव सांगितलं. घर कुठे, तेही सांगितलं. त्यांना वाटलं, तुम्हाला आनंद होईल.”

याला आज बारा दिवस झाले. अजून कुणी आलेलं नाही.

आलं असेल, तर मला कळलेलं नाही.